गप्प बसण्याचे चारशे बारा डॉलर

आमच्या क्लॅरी क्रॉसिंगच्या गुरांच्या बाजारात दर गुरुवारी रोझेला डुबास लिलाव पुकारते. बावीस वर्षं झाली. मी तिच्या डाव्या हाताला बसून पावत्या लिहिते, त्यामुळे माझा उजवा कान आता जरा कामातून गेलाय. माइक बंद पडला तरी रोझेलाचं काही अडत नाही. पार मागच्या कुंपणातल्या वासरांपर्यंत आवाज जातो. आमच्या धंद्यात लपवाछपवीला जागाच नाही. जनावर रिंगणात आलं की वजन भिंतीवरच्या फळ्यावर आणि भाव सगळ्यांच्या कानावर. गाय कितीला गेली हे गायीलासुद्धा कळतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरात, वासरांचा हंगाम ऐन भरात असताना, रोझेलाचा आवाज बसला. आधी सगळ्यांनी धुळीवर ढकललं, मग थंडीवर. तिसऱ्या गुरुवारी बोली चढवता चढवता तिच्या तोंडून नुसती हवाच बाहेर आली. तेव्हा मात्र तिचा नवरा लवर्न तिला गाडीत घालून शहरातल्या घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मीही गेले, कारण लवर्न बोलण्यात कच्चा. चौतीस वर्षांच्या संसारात त्याला वाक्य पूर्ण करायची सवयच लागलेली नाही.

डॉक्टर अमंडसन यांनी तिच्या नाकातून नळी घालून पाहिलं. म्हणाले, "स्वरतंतूवर गाठ आहे. बहुतेक साधीच असेल, पण काढून तपासायला हवी. आणि तोवर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

लवर्न लगेच खिडकीबाहेर बघायला लागला. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून असावं.

मी वाटेतल्या दुकानातून एक छोटी पांढरी पाटी आणि पेन घेऊन ठेवलं होतं. रोझेलानं त्यावर लिहिलं, "किती?"

डॉक्टर म्हणाले, "मटाराच्या दाण्याएवढी."

तिनं मान हलवली, त्या 'किती'पुढे डॉलरची खूण काढली आणि पाटी त्यांच्या नाकासमोर धरली. डॉक्टरांचा चेहरा असा झाला, जसं काही तिनं त्यांच्या बायकोचं वजन विचारलं.

"पैशाचं मला काही ठाऊक नसतं हो. मी फक्त डॉक्टर."

"गाडीचं तेल बदलायला गेलो तरी भिंतीवर दर लिहिलेला असतो," लवर्न म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

"हो ना? छान सोय आहे ती," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं बाजाराच्या कचेरीत फोन घेऊन बसलो. बोलणार मी, लिहिणार रोझेला, आणि कॉफी करणार लवर्न. ऑपरेशन सेंट वॉलबर्गा हॉस्पिटलात व्हायचं होतं. आमच्या तीन तालुक्यांत तेवढं एकच मोठं हॉस्पिटल. फोन लावला तर पंचवीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एका बाईनं विचारलं, "ऑपरेशनचा कोड काय?"

"तो कुठे मिळतो?"

"डॉक्टरांकडे."

डॉक्टरांच्या कचेरीत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "कोड ऑपरेशननंतर ठरतो. आत काय सापडतं त्यावर असतं ना."

"पण कोड दिला नाही तर हॉस्पिटल दर सांगत नाही."

"हो, सगळ्यांची हीच अडचण होते," ती अगदी आपुलकीनं म्हणाली. "विमा कंपनीला विचारून बघा."

विमा कंपनीच्या माणसाचा आवाज फारच गोड. म्हणाला, "मॅडम, हॉस्पिटलशी आमचा करार झालेला आहे. त्यामुळे तुम्हाला भरघोस सवलत मिळणार."

"कशावर सवलत?"

"दरावर."

"आणि दर किती?"

"तो करार गोपनीय आहे. बिल आलं की कळेलच तुम्हाला."

रोझेलानं खसाखसा काहीतरी लिहून पाटी माझ्यासमोर आपटली. मी वाचून दाखवलं, "आमच्या रोझेलाबाई विचारतायत, गोऱ्हा घरी न्यायचा, कापायचा, शिजवून खायचा, आणि भाव मग विचारायचा का?"

मग तो म्हणाला, "मॅडम, मी शाकाहारी आहे."

असे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मी चौदा माणसांशी बोलले. सगळी सभ्य. सगळ्यांनी शेवटी विचारलं, "आणखी काही मदत करू का?" जणू आधी केली होती. बुधवारी मात्र हॉस्पिटलच्या बिल विभागातली ट्रुडी नावाची बाई मिळाली. आवाजावरून दमलेली वाटली, म्हणूनच मला तिचा भरवसा वाटला.

"अंदाज देते," ती म्हणाली. "लिहून घ्या. तीन हजार शंभर ते अडतीस हजार."

मी लिहिलं आणि मग लिहिलेलं पुन्हा वाचलं. "ट्रुडीबाई, एवढ्या अंतरात आपलं अख्खं नेब्रास्का राज्य मावेल हो."

"कळतंय मला." तिनं आवाज खाली आणला. "विमा नसता तर सोपं होतं. रोख भरणाऱ्यांसाठी बांधलेला दर आहे. बेचाळीसशे. सगळं धरून."

लवर्ननं कॉफीचा कप खाली ठेवला. रोझेलानं पाटीवर मोठ्या अक्षरात '४२००' लिहून त्याभोवती दोनदा गोल काढला.

"मग तेच घ्या," मी म्हटलं. "बाई उद्या चेक घेऊन येतील."

"नाही घेता येत. तुमचा विमा आहे ना."

"आम्ही विसरतो विम्याला."

"आमचा कम्प्युटर विसरत नाही. विमा असेल तर बिल विम्यावरूनच जातं. पहिले नऊ हजार तुमच्या खिशातून, पुढचं बरंचसं विमा बघतो."

ट्रुडीनं फोन ठेवल्यावर लवर्ननं कप पुन्हा उचलला. मग म्हणाला, "महिन्याला चौदाशे भरतो मी त्या विम्याचे. म्हणजे जास्त पैसे द्यायची परवानगी मिळावी म्हणून भरतो का?"

रोझेलाला बोलायची बंदी होती, म्हणून तिनं पाटीवर 'हो' लिहिलं.

त्या संध्याकाळी माझ्या ट्रकमध्ये मी रोझेलाला म्हटलं, "थांबू या का? दुसरीकडे कुठेतरी चौकशी करू. चारशे मैलांवर म्हणे दर लावलेली हॉस्पिटलं आहेत." तिनं पाटीवर लिहिलं, "बाबांनाही घशातच झालं होतं." मी वाचलंय हे बघितलं आणि बाहीनं पुसून टाकलं. पुन्हा मी तो विषय काढला नाही. भीती वाटत असताना माणूस भाव करत नाही, आणि हे सेंट वॉलबर्गाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असावं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही हजर. काउंटरवरच्या मुलीनं तळहाताएवढा काळा काचेचा पडदा पुढे सरकवला. "इथे सही करा."

मी विचारलं, "कशावर?"

"पडद्यावर."

"ते दिसतंय. पण मजकूर काय आहे?"

"जे काही बिल होईल ते तुम्ही भराल, असं आहे. मजकूर माझ्या बाजूला दिसतो." तिनं मान वाकडी करून आपल्या कम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. "हो, तसंच आहे."

रोझेलानं सही केली. ज्या बाईनं इतक्या वर्षांत कधी न बघता बैल विकला नाही, तिनं कोऱ्या पडद्यावर सही केली.

आत नेल्यावर कपडे बदलून तिला पलंगावर निजवलं. एक नर्स आली, फारच मायाळू. रोझेलानं शेवटचा प्रयत्न म्हणून पाटी वर धरली: "किती?"

"अगंबाई, दुखतंय का?" नर्सनं भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्यावर हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहरे काढलेले होते. "एक ते दहामध्ये सांगा. एक म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

रोझेलानं त्या तक्त्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग आठवर बोट ठेवलं. नर्सनं ते लिहून घेतलं.

ऑपरेशन झालं चाळीस मिनिटांत. डॉक्टर अमंडसन यांचा हात चांगला, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. आठवड्यानं तपासणीचा निकाल आला: गाठ साधी होती. लवर्न कोठारामागे जाऊन एकटाच रडून आला आणि 'डोळ्यांत भुसा गेला' म्हणाला. त्या दिवशी कोठारात भुसा नव्हता. आम्ही बेकरीतून खसखशीचे कोलाचे, म्हणजे इथले गोड पाव, आणले आणि तिघांनी मिळून डझनभर संपवले. आता फक्त सहा आठवडे आणखी गप्प बसायचं होतं.

मग पाकिटं यायला लागली. हॉस्पिटलचं एक, डॉक्टरांचं एक, भूल देणाऱ्यांचं एक, तपासणी करणाऱ्यांचं एक. एक पाकीट तर अशा डॉक्टरचं होतं ज्याला आमच्यापैकी कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. सगळ्यांचं मिळून एकतीस हजार सहाशे. त्यातून विम्यानं मोठ्या मनानं सवलत मिळवून दिली होती, आणि त्या सवलतीनंतर, विम्यानं आपला वाटा उचलल्यावर, रोझेलाच्या वाट्याला आले नऊ हजार तीनशे चाळीस. कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'तुमची बचत – एकोणीस हजार सातशे!' उद्गारचिन्हासकट.

मी एकेक ओळ वाचून दाखवत होते. मधेच एक ओळ आली: 'स्वरविषयक समुपदेशन – ४१२ डॉलर.'

रोझेलानं भुवया उंचावल्या. हे कधी झालं? लवर्नला आठवलं. "ती गुलाबी स्वेटरवाली आली होती ना! दारातून डोकावली आणि म्हणाली, 'बोलू नका हं.' आणि गेली."

रोझेला हसायला लागली. आवाज न करता हसणं किती कठीण असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मग ते हसणं कधी थांबलं आणि नुसतं पाणीच कधी राहिलं ते आम्हाला कळलं नाही.

नोव्हेंबरातला शेवटून दुसरा गुरुवार. बाजार भरला होता. रोझेलाच्या जागी कर्नीहून बोलावलेला माणूस लिलाव पुकारत होता. आवाज झोप येईल असा. दुपारी बाजाराच्या खानावळीत आम्ही चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि सोबत दालचिनीचा गोड रोल घेऊन बसलो होतो. समोर रूडी पोस्पिशिल, डुकरांचा व्यापारी. बिलाची गोष्ट निघालीच.

मी म्हटलं, "ऑपरेशनआधी काढलेल्या नुसत्या मानेच्या स्कॅनचे दोन हजार नऊशे साठ लावलेत."

रूडी म्हणाला, "छे! मीपण तिथेच काढला की उन्हाळ्यात. तीनशे दहा दिले."

रोझेलाचा चमचा हवेतच थांबला. तिनं पाटी ओढली. "विमा?"

"मला कोण देणार विमा? हृदयात तीन स्प्रिंगा बसवल्यात."

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "माझे अकराशे झाले." पलीकडून दुसरा म्हणाला, "गप रे, अकराशे! मी दोन हजार चारशे मोजलेत."

रोझेला उठली. पाटीवर लिहिलं, "आयलीन, माइक." आणि चालायलासुद्धा लागली.

मी आयुष्यात कधी माइकवर बोलले नव्हते. पण ती रिंगणाच्या कठड्याशी उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती की नाही म्हणायची सोय नव्हती. कर्नीवाला खुशीनं बाजूला झाला. मी घसा खाकरला.

"मंडळी, जनावरं संपली. आता एक वेगळा माल. मानेचा स्कॅन. सेंट वॉलबर्गा हॉस्पिटल, यंत्र एकच, खोली एकच. ज्यानं ज्यानं काढलाय त्यानं हात वर करून सांगा, कितीला पडला?"

आमच्याकडची माणसं दुखणं सांगत नाहीत. पाय तुटला तरी 'जरा मुरगळलाय' म्हणतील. पण भावाचा विषय निघाला की राहवत नाही.

"अकराशे!"

"चोवीसशे!"

"सातशे ऐंशी, दोन हप्त्यांत!"

मागून एका बाईचा आवाज आला, "काय रे, तू मानेचा स्कॅन कधी काढलास? मला बोलला नाहीस ते!" सगळे हसले. त्या गड्यानं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

लवर्न फळ्यापाशी उभा होता. जिथे एरवी वासरांचं वजन उमटतं तिथे तो एकेक आकडा लावत होता. हळूहळू लोकांना चेव चढला. कुणी खिशातून बिल काढलं, कुणी गाडीतून आणायला पळालं. अकरा माणसं, अकरा आकडे. सगळ्यांत खाली रूडीचे तीनशे दहा.

शेवटी वरच्या बाकावरून मिस हॅवलिक उठल्या. आमच्या शाळेत गणित शिकवतात. गुरांशी त्यांचं काही देणंघेणं नाही, गुरुवारी शाळा सुटल्यावर फक्त खानावळीतला ॲपल पाय खायला येतात. शिक्षकांचा विमा आमच्या जिल्ह्यात सगळ्यांत चांगला, असं सगळे म्हणतात. त्याबद्दल लोक त्यांचा थोडा हेवाही करतात.

"चार हजार आठशे सत्तर," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, अजून हप्ते भरतेय."

मग कुणी हसलं नाही. लवर्ननं तो आकडा वर लावला. तीनशे माणसं त्या फळ्याकडे बघत उभी राहिली. मिस हॅवलिकही बघत होत्या. वर्गात मुलानं चुकीचं उत्तर लिहिलं की बघतात तशा.

कुणीतरी फोनवर ते सगळं टिपलं होतं. चार दिवसांत ते कुठल्या कुठे पोचलं. आणि डिसेंबरात एका दुपारी सेंट वॉलबर्गाहून एक गृहस्थ थेट रोझेलाच्या स्वयंपाकघरात आले. ब्रेंट ऑस्टरगार्ड, पेशंट-अनुभव विभागाचे उपाध्यक्ष. हातात फळांची टोपली. पेशंटला चांगला अनुभव यावा म्हणून हॉस्पिटलनं माणूस नेमलाय, हे आम्हाला तोवर अनुभवानं कळलं नव्हतं.

रोझेलाला तेव्हा दिवसातून दहा मिनिटं बोलायची मुभा मिळाली होती. त्या दिवशीची दहाच्या दहा तिनं त्यांच्यासाठी राखून ठेवली होती.

"मिसेस डुबास, जे झालं त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "तुमचं बिल आम्ही बेचाळीसशेवर आणायला तयार आहोत. फक्त एक छोटासा कागद आहे. ही रक्कम तुम्ही कुणाला सांगायची नाही. आणि ते बाजारातले... कार्यक्रम थांबवायचे."

रोझेलानं कागद शेवटपर्यंत वाचला. ह्या वेळी मजकूर तिच्या बाजूला होता.

"म्हणजे मी गप्प बसायचं," ती म्हणाली. आवाज घोगरा, हळू, पण तिचाच.

"तसं नाही, आपण फक्त..."

"साहेब, मला गप्प बसा म्हणून सांगायला तुमची बाई आली होती. एका वाक्याचे चारशे बारा घेतलेत. म्हणजे तुमच्याकडे ह्या मालाचा दर ठरलेला आहे. मग आता मी गप्प बसायचं तर मला किती देता? बोला. अंदाज नको, आकडा सांगा."

ऑस्टरगार्ड साहेब म्हणाले, "मला वरती विचारावं लागेल."

"वरती कुणाला?"

"ते... विभागावर अवलंबून आहे."

"लवर्न, ह्यांना दारापर्यंत सोड. आणि टोपली देऊन टाक परत. तिची किंमत लिहिलेली नाही, उद्या बिल यायचं."

बोलून झाल्यावर तिनं घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटं उरली होती. ती तिनं लवर्नशी बोलण्यात घालवली. काय बोलली ते माहीत नाही, मी उठून बाहेर गेले होते.

जानेवारीत ती माइकवर परतली. आवाज अर्धा सूर खाली आला होता. व्यापारी म्हणाले, आता जरा भारदस्त वाटतो. हॉस्पिटलनं मध्यंतरी आपली दरपत्रकं सगळ्यांसाठी खुली केल्याचं जाहीर केलं. मिस हॅवलिक यांनी ती कम्प्युटरवर उघडून बघितली. चाळीस हजार ओळी होत्या, आणि शोधायला कोड लागत होता.

रोझेलानं मात्र हट्ट सोडला नाही. बेचाळीसशेचा चेक पाठवला, 'रोखीचा दर, पूर्ण भरणा' असं लिहून. हॉस्पिटलनं तो परत पाठवला. तिनं पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला. असं तीनदा झालं. मग पत्रं लाल अक्षरांत यायला लागली, आणि जुलैत हॉस्पिटलनं तिचं बिल एका वसुली कंपनीला विकून टाकलं. कितीला विकलं, ते अर्थातच गोपनीय.

एका गुरुवारी सकाळी बाजाराच्या कचेरीत कंपनीचा फोन आला. मी स्पीकर लावला. पलीकडे कॉर्ट नावाचा माणूस, फार तर तिशीचा, आणि बोलण्यात आडपडदा नाही.

"मिसेस डुबास, तुमच्या नावावर नऊ हजार तीनशे चाळीस आहेत. आज भरलेत तर बावीसशेत मिटवतो."

रोझेलानं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता, अगदी खरं सांगते.

"पुन्हा सांग बाळा."

"बावीसशे. आज."

"आयलीन, ऐकलंस? दहा महिन्यांत पहिला माणूस भेटला जो विचारायच्या आधी आकडा सांगतो!" आणि मग ती ताठ बसली. "अठराशे."

"नाही जमणार, बाई. दोन हजार शंभर."

"अठराशे पन्नास. रोख. आणि आत्ता."

"दोन हजार. माझ्याही वर कुणीतरी आहे हो."

"एकोणीसशे, आणि लेखी पाहिजे, की ह्यापुढे एक पैसा निघत नाही."

पलीकडून टेबलावर बोटं वाजवल्याचा आवाज आला. "एकोणीसशे पन्नास. लेखी, पंधरा मिनिटांत."

"दिली!" रोझेलानं लिलावाचा हातोडा टेबलावर आपटला. सवयच ती.

पंधरा मिनिटांत कागद आला. तिनं पैसे भरले. कागदात दर होता, तारीख होती, सही होती. सगळं एका पानात. मी दहा महिन्यांची पाकिटं खोक्यात भरायला घेतली. फोन ठेवायच्या आधी रोझेलानं सहज विचारलं, "तुझा स्वतःचा विमा आहे का रे, कॉर्ट?"

"कंपनी देते की. फार चांगला आहे म्हणतात."

"अरे देवा," रोझेला म्हणाली. "सांभाळून राहा बाबा."

बाहेर वासरांचे ट्रक लागले होते आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. तिनं घोटभर कोमट पाणी घेतलं, घसा साफ केला आणि रिंगणाकडे निघाली. मी पावतीपुस्तक उचलून तिच्या मागे गेले.